भट्टीवर जाण्याआधी

पालघर जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, पुढे पडवी, पलीकडे कापणीला आलेलं भात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आत्ताच येऊन थांबलीय आणि वजनकाटा, औषधांची खोकी उतरवली जातायत. पथकात चौघं आहेत: दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदाच. म्हणून बाईंनी कालच घरोघर निरोप दिलाय, "उद्या पोरांना शेतावर नेऊ नका."

पडवीच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता लावलाय. वाचता न येणाऱ्यांसाठी त्यावर फक्त इंग्रजी 'ई' आहे, चारी दिशांना तोंडं केलेला. तोंड कुठे ते हातानं दाखवायचं. बाईंनी सुतळीनं वीस फूट मोजून खडूची रेघ मारलीय. तिसरीतली एक मुलगी रेघेवर येते, तळव्यानं एक डोळा झाकते. वरच्या ओळी झटपट दाखवते. मग हात थांबतो. ती मान तिरकी करते, डोळा बारीक करते आणि नकळत रेघेच्या पुढे पाऊल टाकते. परिचारिका तिला हलकेच मागे घेते. ती पुन्हा पुढे सरकते.

"फळ्यावरचं लिहीतच नाही ही," बाई सांगतात. "शेजारणीच्या वहीत बघून लिहिते. घरचे म्हणतात, लहान आहे, शिकेल." अशा मुलांना 'ढ' ठरवून आपण किती सहज मोकळे होतो! हिला चष्मा हवाय, एवढंच.

आत डॉक्टर मॅडम एकेकाची खालची पापणी ओढून बघतायत. "वर बघ, बाळा." लाली दिसायला हवी तिथे बऱ्याच जणांत नुसता फिका रंग. लोहाची गोळी शाळेत दर आठवड्याला मिळते, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. बाई ती दुपारची खिचडी झाल्यावर, समोर उभं राहून गिळायला लावतात. तरी काही मुलं तोंडात धरून बाहेर टाकतात, कारण शौचाला काळं झालं की घरी सगळे घाबरतात. "ते लोहामुळे होतं, घरी सांग हं," मॅडम प्रत्येकाला सांगतात, न कंटाळता. खरजेचं औषध देताना त्या घरात माणसं किती ते विचारतात आणि सगळ्यांना पुरेल एवढं देतात. एका गोधडीत चौघं झोपत असतील तर एकट्या पोराला मलम लावून काय होणार?

दुसरीतल्या एका मुलाच्या छातीवर त्यांचा स्टेथोस्कोप जास्त वेळ थांबतो. पुन्हा लावतात, पाठीवर लावतात. "खेळताना दम लागतो का रे?" तो बाईंकडे बघतो. "धावताना मधेच बसतो," त्याच्याऐवजी शेजारचा मुलगा उत्तर देतो. हृदयात वेगळा आवाज येतोय. टू-डी इको करायला हवा. शस्त्रक्रिया लागलीच तर तीही मोफत होते. मॅडम संदर्भ चिठ्ठी लिहितात.

त्याचे वडील कापणी सोडून आलेत, हातात विळा तसाच. चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवतात. "दिवाळी झाली की आम्ही भिवंडीकडे भट्टीवर. पोरगं पण संगं. उचल घेतलीय." बाई लगेच वही काढतात. भट्टी कुठल्या गावात, मुकादमाचा फोन नंबर काय, सगळं लिहून घेतात. "तारीख कळली की मी फोन करीन. भाऊ, तुम्ही त्याला घेऊन यायचंच." ते मान हलवतात. पण त्या दिवशी विटा पडणार नाहीत, मजुरी मिळणार नाही, आणि उचल तर अंगावर आहेच.

हा कार्यक्रम देशभरासाठी सुरू झाला तो फेब्रुवारी २०१३ मध्ये, याच पालघरमधून. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे आजार वेळेत शोधायचं काम तो करतो, आणि आज माझ्यासमोर तो ते मनापासून करतोय. पण आजार सापडल्यावर पुढचा रस्ता या बापाच्या रोजावरून जातो. कुपोषित बाळ उपचाराला दाखल झालं की त्याच्या आईला बुडीत मजुरी देण्याची सोय आपल्याकडे आहे. शाळेतून संदर्भ चिठ्ठी मिळालेल्या प्रत्येक मुलाच्या पालकाला तीच मजुरी आणि एसटीचं भाडं रोख मिळालं पाहिजे, आणि तेही दिवाळीच्या आत.