पाथरीसाठी दोन शाह्यांची झुंज

परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीचे लोक तिथल्या नृसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्यांची कथा सांगतात. याच जिल्ह्यातल्या पाथरीसाठी दोन सुलतान भिडले, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

फिरिश्ता या इतिहासकाराने दिलेली हकीकत अशी: अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी. पाथरी मात्र वऱ्हाडच्या इमादशाहीत. बुऱ्हाण निजामशाहाने तिच्या बदल्यात जास्त उत्पन्नाचा परगणा देऊ केला. अलाउद्दीन इमादशाह ऐकेना, उलट त्याने तिथे गढी बांधायला घेतली. मग 1518 मध्ये निजामशाही फौजेने पाथरी जिंकली.

गंमत म्हणजे इमादशाहीचा संस्थापक फत्हउल्लाहसुद्धा मूळचा विजयनगरच्या मुलखातला हिंदू. दोन्ही घराणी इथलीच, तुर्कस्तानातून आलेली नव्हेत! तुर्कमान रक्त होतं ते गोवळकोंड्याच्या कुली कुतुबशाहात. त्याचं कराकोयुन्लू घराणं इराणमध्ये अक्कोयुन्लू या दुसऱ्या तुर्कमान टोळीकडून हरलं आणि तो दख्खनेत आला. पुढे 1527 च्या सुमारास त्याच्याच मदतीने इमादशाहाने पाथरी परत मिळवली.

पण बुऱ्हाण हटला नाही. वेढा घालून त्याने गाव पुन्हा घेतलं, गढी पाडली आणि पाथरी आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिली. इमादशाहाने गुजरातच्या बहादूरशाहाला बोलावूनही ती परत मिळाली नाही. अखेर 1574 मध्ये निजामशाहीने सगळं वऱ्हाडच गिळलं.