पऱ्हाटीवरची मुंगी राखण कोणाची करते?

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोदकडे, कपाशी हेच अनेक घरांचे वर्षाचे गणित. शेतात गेलात की पऱ्हाटीचे एक पान उलटून पाहा. मधल्या शिरेवर बारीक खळगा दिसेल. त्यातून गोड रस पाझरतो. हा फुलातला मध नव्हे. त्याच्या ओढीने मुंग्या येतात, पानांवर फिरतात आणि वाटेत सापडलेली किडींची अंडी, लहान अळ्या उचलून नेतात. अळीने पान कुरतडले की रस आणखी पाझरतो. जणू पऱ्हाटी मजुरी देऊन राखणदार ठेवते.

मध्य अमेरिकेच्या जंगलात बाभळीची एक जात याहून पुढे गेली आहे. ती मुंग्यांना पोकळ काट्यांत घर देते, पानांच्या टोकांना खाऊचे कणही देते. मुंग्या तिच्या पानाला तोंड लावणाऱ्याला चावून पळवतात.

मग राखण असूनही पऱ्हाटीवर कीड कशी टिकते?

जास्त मजुरी देणारा

सूरह नम्लमधली मुंगी घरोघरी माहीत आहे. हजरत सुलैमान (अलै.) यांचे लष्कर येताना पाहून ती आपल्या सोबतिणींना सावध करते. शेतातली मुंगीही आपल्या वारुळाचीच असते, झाडाची नसते. हे ओळखले की पिठ्या ढेकणाचे गुपित उलगडते.

पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, सोंड खुपसून झाडाचा रस पितो. त्या रसात साखर भरपूर, पोषण थोडे. म्हणून तो खूप पितो आणि उरलेली साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. मुंग्यांना हा थेंब खळग्यातल्या रसाहून मोठी कमाई वाटते. मग त्या पिठ्याचीच राखण करतात आणि त्याला खायला येणाऱ्या किड्यांना हाकलतात. माव्याचेही असेच. पानावर सांडलेल्या चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि कापूसही खराब होतो.

कपाशीवरचा हा पिठ्या मूळचा अमेरिकेतला. 1898 साली त्याला मिळालेले शास्त्रीय नावही एका मुंगीवरूनच पडले आहे. 2006-07 च्या सुमारास त्याने भारतातल्या कपाशीवर थैमान घातले.

बहुरूपी आणि गांधीलमाशी

या पहाऱ्यातूनही काही जण वाट काढतात. पिठ्या खाणाऱ्या एका ढालकिड्याच्या अळीच्या अंगावर पिठ्यासारखेच पांढरे मेणाचे तंतू असतात, म्हणून मुंग्या तिला फारसा त्रास देत नाहीत. एका लहान करड्या फुलपाखराची अळीही असेच पांढरे सोंग घेऊन पिठ्यांमध्ये राहते आणि त्यांनाच खाते. तिचा कोष हुबेहूब माकडाच्या तोंडासारखा दिसतो. तिसरी एक इवलीशी काळी गांधीलमाशी. ती पिठ्याच्या अंगात अंडे घालते, आतली अळी त्याला पोखरते आणि उरते फक्त कडक, तपकिरी टरफल.

शेतात काय करावे?

मुंग्यांची रांग एकाच झाडावर चढताना दिसली की तिथेच पिठ्या किंवा मावा शोधा. सुरुवातीला दोन-चारच झाडे असतात. पिठ्या लागलेले शेंडे हलक्या हाताने तोडून पिशवीत घाला आणि शेताबाहेर नष्ट करा. बांधावरचे गाजरगवत काढा, कारण पिठ्या त्यावरही जगतो. तपकिरी टरफले दिसत असतील तर फवारणीची घाई करू नका, कारण औषधाने गांधीलमाशीही मरते. गरज पडल्यास आधी 5 टक्के निंबोळी अर्क वापरा. अंगणातल्या जास्वंदीलाही हेच लागू आहे.

2017 साली विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. म्हणून पंप पाठीवर घेण्याआधी दहा झाडांची पाने उलटून पाहा. टळलेली प्रत्येक फवारणी पैसा वाचवते आणि घरच्या माणसाला विषापासून दूर ठेवते.