गारवा आहे, पण सुखावा कुठे?

वैशाखातील दुपार. कापडाच्या दुकानात गादीवर बसलेले वडीलधारे गृहस्थ मानेभोवती उपरणे गुंडाळून हिशेब पाहत असतात. त्याच वेळी पलीकडच्या कोपऱ्यात साड्या पाहणाऱ्या भगिनी पदराने वारा घेत असतात. चिरंजीव रिमोट उचलून तापमान १८ अंशांवर आणतात. अर्ध्या तासात वडिलांचा खांदा आखडतो; कोपऱ्यातला उकाडा मात्र हलत नाही. यंत्रात बिघाड नसतो. थंड हवा जिथे हवी तिथे पोहोचत नसते, एवढेच.

शरीराचा सुखावा केवळ तापमानाच्या आकड्यावर ठरत नाही. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ओले फँगर यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात त्याचे गणित मांडले. हवेचे तापमान, तिचा वेग व दमटपणा, भिंती-छताची उष्णता, अंगावरील वस्त्रे आणि माणसाची हालचाल असे सहा घटक त्यात येतात. सारे काही योग्य असूनही मानेवर किंवा घोट्यांवर थंड झोत सतत पडत राहिला, तर माणूस बेचैन होतो. एका जागी बसून असणाऱ्या वृद्धांना हा त्रास अधिक जाणवतो.

थंड हवा जड असते. ती आपोआप खाली येते. म्हणून एसीची पाती खाली न वळविता आडवी ठेवावीत. हवा छतालगत दूरवर जाते, खोलीतील हवेत मिसळते आणि मग अलगद उतरते. पाती खाली असली, किंवा समोर कपाट अथवा छतापर्यंत रचलेले तागे असले, तर गारवा यंत्राजवळच साचतो. तीच थंड हवा पुन्हा यंत्रात ओढली जाते. खोली गार झाली असे समजून यंत्र थांबते आणि कोपरा तापलेलाच राहतो.

अशा वेळी छताचा पंखा मंद गतीने चालवावा. हवा सर्वत्र मिसळते आणि अधिक तापमानातही गारवा जाणवतो. भारतात २०२० पासून घरगुती एसीचे मूळ तापमान २४ अंश ठेवले जाते. एक अंश वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा बीईई या केंद्रीय संस्थेचा हिशेब आहे. दुकानाचे दार सतत उघडे राहत असेल, तर दाराच्या खालच्या भागातून थंड हवा बाहेर वाहते व वरून उष्ण हवा आत शिरते. तिथे दारावर हवेचा पडदा लावणे हिताचे.

हिवाळ्यात नियम उलटतो. उष्ण हवा वर जाते. डोके तापते, पाय गारठतात. म्हणून एसीवर ऊब घेताना पाती खाली वळवावीत आणि सुटा हीटर जमिनीलगत, पडदे व अंथरुणापासून दूर ठेवावा. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आप्तेष्टांच्या घरी रेडिएटर बहुधा खिडकीखाली दिसतो, त्यामागेही हाच विचार आहे. काचेवरून उतरणारी थंड हवा वर येणाऱ्या उबेत विरून जाते.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतीलच हवा फिरवतो. बंद खोलीत रात्रभर चार माणसे निजली, तर सकाळी डोके जड वाटते. जुन्या वाड्यांत चौक आणि समोरासमोरच्या खिडक्या हे काम करीत. आज सकाळी व निजण्यापूर्वी समोरासमोरच्या खिडक्या थोडा वेळ उघडल्या, तरी हवा पालटते.

झोत कुठे पडतो हे पाहण्यास उपकरण लागत नाही. बसण्याच्या जागी, मानेच्या उंचीवर सुताचा बारीक धागा धरावा. तो जोराने फडफडला, तर पाती तरी वळवावीत किंवा बैठक तरी सरकवावी. मोठे यंत्र आणण्याचा खर्च करण्याआधी घरातील कर्त्याने वडिलांच्या गादीवर पाव तास बसून पाहावे. पुष्कळदा तेवढ्यानेच दुखणे उमगते.