अण्णांची बारा इंची पेढी

सांगलीच्या बाजारातील आमची धान्याची पेढी बंद झाली आणि अण्णांचे बोलणेच आटले. त्यांच्या पंचाहत्तरीस तीच पेढी लहान रूपात घडवून भेट देण्याचे मी ठरविले. प्रमाण एका फुटास एक इंच. पुठ्ठ्याच्या भिंती, आगकाड्यांच्या फळ्या, मलमलीची गादी. पोत्यांत ज्वारीऐवजी खसखस, कारण ज्वारीचा दाणा या मापात लिंबाएवढा भासतो. तराजू, चोपड्या, गल्ला, सारे जागच्या जागी.

अण्णांनी ती बराच वेळ न्याहाळली. मग विचारले, "हमालांचा माठ कुठे आहे?"

दारातला गाळलेल्या पाण्याचा माठ मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतः शाडू मळून सुपारीएवढा माठ घडविला, त्यावर फडके बांधले आणि एकेका हमालाची आठवण सांगत राहिले.

अशी भेट करताना शेवटचा हात आईवडिलांचाच लागू द्यावा.