छायाचित्रातील जांभळी किनार

पानगळ झालेल्या झाडाचे छायाचित्र दुपारच्या लख्ख आकाशासमोर घ्या आणि संगणकाच्या पडद्यावर ते मोठे करून पाहा. बारीक फांद्यांच्या कडेने बरेचदा जांभळी किंवा हिरवट रेघ दिसते. तो रंग फांदीचा नाही आणि आकाशाचाही नाही. मग तो आला कोठून?

काचेचा अपवर्तनांक सर्व रंगांसाठी सारखा नसतो. नेहमीच्या क्राउन काचेचा तो तांबड्या प्रकाशासाठी सुमारे १.५१४, तर निळ्यासाठी १.५२२ असतो. फरक क्षुल्लक वाटेल; पण १०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या साध्या भिंगात त्यामुळे निळ्याची नाभी तांबड्याच्या दीड मिलिमीटर अलीकडे पडते. हाच तो वर्णविपथनाचा दोष. भिंगातून तो घालवता येणार नाही, असे न्यूटनचे मत होते. म्हणून त्याने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली, कारण परावर्तनात सर्व रंग सारखेच वागतात. पुढे क्राउन काचेचे बहिर्वक्र आणि फ्लिंट काचेचे अंतर्वक्र भिंग जोडून दोन रंग एका नाभीत आणता आले. डोलंडला १७५८ मध्ये अशा भिंगाचे पेटंट मिळाले. मात्र दोन रंग जुळले तरी बाकीचे थोडे चुकतातच. कॅमेऱ्याच्या भिंगसंचातही ही थोडी चूक शिल्लक असते.

ती दोन प्रकारे दिसते आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात प्रत्येक रंगाची प्रतिमा स्पष्ट असते, पण आकाराने किंचित लहानमोठी. मध्यभागी दोष दिसत नाही, कडेकडे वाढत जातो; वस्तूच्या एका बाजूस तांबडी, तर दुसऱ्या बाजूस निळसर-हिरवी किनार येते. समजा, छायाचित्र ६००० पिक्सेल रुंद आहे आणि तांबडी प्रतिमा दहा हजारात पाच भागांनी मोठी आहे. मध्यापासून ३००० पिक्सेलवर ती दीड पिक्सेल सरकलेली असेल. संगणकाने तांबडी प्रतिमा तेवढीच लहान केली की काम झाले. इथे माहिती हरवलेली नसते, फक्त जागा चुकलेली असते. अनेक कॅमेरे ही दुरुस्ती स्वतःच करतात.

दुसऱ्या प्रकारात एखादा रंग फोकसमध्येच येत नाही आणि त्याचा पसरट डाग पडतो. तो छायाचित्राच्या मध्यभागीही दिसतो. फोकसच्या पुढच्या वस्तूंना बहुधा जांभळी किनार असते, मागच्यांना हिरवी. अस्पष्ट झालेले गणिताने पूर्ववत करणे अवघड, म्हणून इथे प्रतिबंध बरा. कॅमेऱ्याचे छिद्र लहान केले की किरणांचा शंकू अरुंद होतो. एफ-२ वरून एफ-८ वर गेलो तर डागाचा व्यास चौथाईवर येतो. (छिद्र लहान करायचे तर आकडा मोठा करायचा, ही उलटी भाषा विद्यार्थ्यांना प्रथम हमखास गोंधळात टाकते.) पहिल्या प्रकारावर मात्र या उपायाचा परिणाम जवळजवळ होत नाही. शक्य असेल तर दोन पावले सरकून फांदीमागे आकाशाऐवजी डोंगर किंवा गर्द पाने घ्यावीत. प्रकाशही जरा कमीच ठेवावा.

एवढे करूनही किनार उरली तर सॉफ्टवेअर आणखी एक उपाय देते: कडेचा जांभळा रंग शोधून तो फिका करणे. ही दुरुस्ती नव्हे, रंगसफेदी आहे. संगणकाला किनार कोणती आणि पाकळी कोणती, हे कळत नाही. ताम्हणाच्या फुलाचे छायाचित्र आकाशासमोर घेतले असेल, तर त्याच्या खऱ्या जांभळ्या कडाही राखाडी होऊ शकतात. शोभेच्या चित्रात हे खपून जाईल. पण शाळेच्या परिसरातील वनस्पतींची नोंद ठेवताना खपणार नाही. तेथे मूळ फाइल जपून ठेवावी आणि शंका आल्यास त्याच फुलाचे आणखी एक छायाचित्र घ्यावे: फूल मध्यभागी, मागे गडद पाने, छिद्र लहान. यातही कडेला जो जांभळा दिसेल तो ताम्हणाचा.