कार्ड खिशात, हक्क निलंबित

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचं लायसन तीन महिन्यांसाठी निलंबित होतं आणि घरात कुणाला त्याचं फारसं काही वाटत नाही. कॉलेजला न्यायची गाडी तीच, रस्ता तोच. मग नाकाबंदीत गाडी अडवली जाते, पोलीस लायसनचा नंबर मशीनवर तपासतात आणि पुढे कोर्टाचं समन्स दारात येतं. अशा वेळी घरातून, शेजारून, मित्रांकडून जे सल्ले मिळतात, त्यातले बरेचसे चुकीच्या समजुतींवर उभे असतात. या समजुतींमुळेच मुलं पहिल्या छोट्या गुन्ह्यावर दुसरा, मोठा गुन्हा करून बसतात, म्हणून त्या एकदा नीट तपासायला हव्यात.

‘कार्ड तर माझ्याकडेच आहे’ हे उत्तर सगळ्यात जास्त ऐकू येतं. पण लायसन निलंबित होण्यासाठी कार्ड हातातून जावंच लागतं असं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम २३ सांगतं की अपात्रतेचा, म्हणजे बोलीभाषेत निलंबनाचा, आदेश निघाला की त्या मुदतीपुरतं लायसन निष्प्रभ होतं. ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय नियमांत अशी तरतूद आहे की अपात्र ठरवलेल्या किंवा रद्द केलेल्या लायसनची नोंद सरकारी पोर्टलवर तारखेनिशी ठेवायची. त्यामुळे खिशातल्या कार्डावर वैधतेची तारीख कितीही पुढची असली, तरी चौकातल्या पोलिसाला दिसते ती पोर्टलवरची नोंद.

निलंबन फक्त अपघात केल्यावर किंवा दारू पिऊन चालवल्यावर होतं, हाही असाच एक पक्का समज. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट न घालणं (कलम १९४ड) आणि ट्रिपल सीट (कलम १९४क) यांच्यासाठी दंडाबरोबर तीन महिन्यांची अपात्रता कायद्यातच लिहिलेली आहे. सिग्नल तोडणं, हातात फोन धरून चालवणं, उलट दिशेने जाणं हे प्रकार आता ‘धोकादायक वाहन चालवणं’ या कलम १८४ खाली येतात, आणि त्यासाठीही पोलीस लायसन जप्त करून पुढच्या कारवाईला पाठवू शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनेही २०१५ मध्येच राज्यांना बजावलं होतं की अतिवेग, सिग्नल तोडणं, मोबाइल अशा गुन्ह्यांत किमान तीन महिन्यांचं निलंबन करा. विशीच्या आतल्या मुलांचं लायसन जातं ते बहुधा अशाच कारणांनी, म्हणून घरच्यांना तो गुन्हा वाटतच नाही.

त्यातूनच ‘दंड भरला, विषय संपला’ ही समजूत येते. दंड आणि अपात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलवरून चलान भरलं म्हणून तीन महिने कमी होत नाहीत.

पावतीचा घोळ तर फारच मोठा आहे. लायसन जप्त केल्यावर पोलीस जी पावती देतात, ती दाखवून गाडी चालवता येते असं सर्रास सांगितलं जातं. ही गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच घातक आहे. कलम २०६ मध्ये जप्तीचे वेगवेगळे प्रसंग दिले आहेत. आरोपी पळून जाईल किंवा समन्सला हजर राहणार नाही अशा शंकेने लायसन घेतलं, तर ती पावती लायसन परत मिळेपर्यंत चालवायची मुभा देते. पण वेग, धोकादायक चालवणं, दारू, रस्त्यावरच्या शर्यती, ट्रिपल सीट, हेल्मेट, रुग्णवाहिकेला वाट न देणं यांसाठी पोटकलम ४ खाली लायसन घेतलं असेल, तर त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही, असं कायदा स्पष्ट म्हणतो. पावती हातात पडली की ती कोणत्या कलमाखाली आहे ते आधी वाचा, समजत नसेल तर तिथेच विचारा.

एक गोष्ट मात्र मुलाच्या बाजूची आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. वाहतूक पोलीस लायसन निलंबित करू शकत नाहीत. ते जप्त करून परवाना प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्या आरटीओकडे, पाठवतात. निलंबनाचा अधिकार आरटीओचा किंवा न्यायालयाचा. आणि कलम १९ खाली आरटीओला आदेश काढण्याआधी लायसनधारकाचं म्हणणं ऐकावं लागतं, कारणं लेखी नोंदवावी लागतात. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. पण आलेली नोटीस टपालासारखी टेबलावर पडून राहते, किंवा लायसनवर जुनाच पत्ता असल्याने ती भलत्याच दारी जाते. सुनावणीला जाऊन बोलण्याचा हक्क वापरलाच जात नाही, आणि मग कोर्टात ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हा एकच बचाव उरतो.

‘टू-व्हीलरचं सस्पेंड झालंय, कार तर चालते ना?’ याचं उत्तर आदेशाच्या कागदावर असतं. प्राधिकरण सगळ्या वर्गांच्या वाहनांसाठी अपात्र ठरवू शकतं, किंवा ठरावीक वर्गापुरतं. दुसऱ्या शहरातल्या आरटीओतून नवं लायसन काढायचा सल्ला मात्र सरळ खड्ड्यात नेणारा आहे. अपात्र माणसाने लायसनसाठी अर्ज करणं हाच कलम १८२ खाली गुन्हा आहे आणि असं मिळवलेलं लायसन निरर्थक ठरतं.

आता कोर्टाकडे वळू. लायसन नसताना चालवणं आणि निलंबित असताना चालवणं लोक एकाच मापाने मोजतात. कायदा तसं मोजत नाही. पहिल्यासाठी कलम १८१ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यासाठी कलम १८२ मध्ये कैद तेवढीच, पण दंड दहा हजार. हा फरक मला योग्य वाटतो. ज्याने लायसन काढलंच नाही त्याने नियम मोडला. ज्याचं निलंबित झालं त्याला ‘थांब’ असं नाव घेऊन सांगितलं होतं आणि तो थांबला नाही.

‘मुलगा लहान आहे, बाल न्याय मंडळाकडे जाईल’ हे अठरा पूर्ण झालेल्याबाबत खरं नाही. तिथे वय मोजलं जातं ते गुन्ह्याच्या दिवशीचं. अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी पकडलेला मुलगा कायद्याने प्रौढ आहे आणि तो दंडाधिकाऱ्यांसमोरच उभा राहतो. पण याच्या उलट टोकाची भीती, की मुलगा आता तुरुंगातच जाणार, तीही तितकीच चुकीची आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं कलम ६ म्हणतं की एकवीस वर्षांखालच्या दोषीला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, न्यायालयाने शक्यतो कैद देऊ नये. द्यायचीच असेल तर कारणं नोंदवावीत आणि आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल विचारात घ्यावा. इथे वय धरतात ते शिक्षा ठरवतानाचं. त्यामुळे तारखा चुकवत राहणं आणि समन्स टाळणं मुलाच्याच अंगाशी येतं: प्रकरण रेंगाळून तो एकविशी ओलांडतो आणि हे संरक्षण हातचं जातं. वकिलाशी बोलताना या कलमाचा विषय आवर्जून काढा.

वडील नामानिराळे राहतात, हाही भ्रम. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि लायसन निष्प्रभ असलेल्या मुलाला त्यांनी ती चालवू दिली, तर कलम ५ आणि १८० खाली मालकावर स्वतंत्र खटला होतो: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. मुलगा अठराच्या आतला असेल तर २०१९ चं कलम १९९अ लागतं. ते फार कडक आहे: पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा हे कलम महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलं. (सोळाव्या वर्षी ‘स्कूटी’ चालते म्हणणाऱ्यांसाठी: ती सूट ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला आहे. रस्त्यावरच्या बहुतेक स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात.)

पण दंडापेक्षा मला काळजी वाटते ती विम्याची, कारण कुटुंबं बुडतात ती तिथे. पॉलिसी चालू आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात. अपात्रतेच्या काळात चालवलं जाणं हा विमा कंपनीला कायद्यानेच दिलेला बचाव आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अशा वेळी नाकारला जातो. जखमी किंवा मृत व्यक्तीच्या कुटुंबाला मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरण वाऱ्यावर सोडत नाही: कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश देता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरन सिंग निकालाने हे तत्त्व पक्कं केलं. त्याच निकालानुसार नुसतं लायसन नव्हतं म्हणून कंपनी सुटत नाही. मालकाने अट मोडण्यात हयगय केली हे तिला सिद्ध करावं लागतं. निलंबनाचं पत्र घरी आलेलं असताना किल्ली मुलाच्या हाती देणाऱ्या वडिलांविरुद्ध ते सिद्ध करणं अवघड नाही. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई मृताचं वय, उत्पन्न आणि अवलंबून असलेली माणसं पाहून ठरते. कमावत्या तरुणाचा जीव गेला तर ती रक्कम राहतं घर विकायला लावू शकते.

पोलीस भरती किंवा स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं विचारतात, या केसने नोकरी जाईल का. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की किरकोळ स्वरूपाची बाब असेल तर नेमणूक करणारा तिच्याकडे दुर्लक्ष करू शकतो. जास्त नोकऱ्या जातात त्या साक्षांकन अर्जात खटला लपवल्यामुळे. तिथे जे विचारलंय ते खरं लिहा.

तीन महिने सरले की लायसन आपोआप पूर्ववत होतं, असं धरून चालू नका. जमा केलेलं लायसन परत मिळण्यासाठी कायद्याने उजळणी प्रशिक्षणाची अट घातली आहे. मुदत संपल्यावर आधी ते पूर्ण करायचं, प्रमाणपत्र आरटीओत द्यायचं, पोर्टलवरची नोंद बदलली का ते स्वतः पाहायचं, आणि मगच गाडीला किल्ली लावायची.