व्यवसाय प्रकरण स्पर्धा : स्वरूप, उपयुक्तता आणि मर्यादा

प्रस्तावना :
वाणिज्य व व्यवस्थापन शाखेच्या महाविद्यालयांत 'केस स्टडी' स्पर्धा आता अपरिचित राहिलेली नाही. मात्र या स्पर्धेतून विद्यार्थ्याचा कोणता गुण पारखला जातो, याचा विचार आयोजनाच्या धांदलीत क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात या स्पर्धेचा उगम, स्वरूप व मर्यादा यांचा परामर्श घेऊन प्राध्यापकांनी कोणती दक्षता घ्यावी, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. उगम :
प्रकरण पद्धतीचे मूळ कायद्याच्या शिक्षणात आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या विधी विद्यालयात ख्रिस्तोफर लँगडेल यांनी १८७० च्या दशकात न्यायालयीन निवाड्यांच्या आधारे अध्यापन सुरू केले. त्याच विद्यालयात शिकलेले वॉलेस डोनहॅम १९१९ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचे अधिष्ठाता झाले आणि ही पद्धत व्यवसाय शिक्षणात रुजली. १९२१ मध्ये तेथे लिहिल्या गेलेल्या 'जनरल शू कंपनी' या पहिल्या प्रकरणाचा विषय साधा होता : कारखान्यातील कामगार सुटीच्या वेळेआधीच काम का थांबवतात? भारतात १९६१ साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने हार्वर्डच्या सहकार्याने ही पद्धत स्वीकारली. वर्गातील या चर्चेला पुढे स्पर्धेचे रूप आले. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे कॉन्कॉर्डिया विद्यापीठाची एमबीए विद्यार्थ्यांसाठीची स्पर्धा १९८१ पासूनची आहे.

२. प्रकरणाचे स्वरूप :
प्रकरण म्हणजे केवळ एखाद्या उद्योगाची माहिती नव्हे. त्यात निर्णय घेणारी व्यक्ती, निर्णयाची वेळ, अपुरी माहिती आणि परस्परविरोधी पर्याय असावे लागतात. मुंबईच्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये प्रकरण प्रसिद्ध केले. 'डबे वेळेवर कसे पोहोचतात?' एवढाच प्रश्न विचारला, तर विद्यार्थी वर्णन व कौतुक करून थांबतील. परंतु मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे ही सेवा थांबली व अनेक ग्राहक घरून काम करू लागले. अशा वेळी संघटनेच्या पदाधिकाऱ्याने जुने ग्राहक परतण्याची वाट पाहावी, की अन्य वस्तू पोहोचविण्याचे काम स्वीकारावे, असे विचारले की निर्णय घेणे भाग पडते. स्पर्धेत असे प्रकरण तीन-चार विद्यार्थ्यांच्या संघाला ठरावीक वेळ अगोदर दिले जाते. त्यानंतर संघ परीक्षकांसमोर आपली शिफारस मांडतो व त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतो.

३. वर्ग आणि स्पर्धा यांतील भेद :
वर्गात दुसऱ्याचे म्हणणे ऐकून आपले मत बदलणे, हे शिकल्याचे लक्षण मानले जाते. स्पर्धेत मात्र मत बदलणे ही माघार ठरते. त्यामुळे संघ आपल्या शंका झाकून ठेवतो आणि सादरीकरणाची सफाई निर्णयाच्या गुणवत्तेवर मात करते. याचा सर्वाधिक फटका मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना बसतो. खर्चाचा ताळेबंद अचूक मांडणारा, परंतु इंग्रजीत अडखळणारा विद्यार्थी संघात आकडेमोडीपुरता उरतो. बोलण्याची संधी दुसऱ्याला मिळते आणि निर्णयामागील युक्तिवाद ज्याचा, तो परीक्षकांना दिसतच नाही.

४. आयोजनातील दक्षता :
(अ) प्रश्नोत्तरांचा वेळ सादरीकरणाच्या वेळेपेक्षा कमी नसावा. प्रत्येक सदस्याने किमान एका प्रश्नाचे उत्तर द्यावे.
(आ) सादरीकरणानंतर एखादे गृहीतक बदलावे. उदाहरणार्थ, कच्च्या मालाचा भाव २० टक्क्यांनी वाढल्यास शिफारस कायम राहील काय, यावर १५ मिनिटांत फेरविचार करण्यास सांगावे. सकारण मत बदलणाऱ्या संघाला गुण मिळावेत.
(इ) मराठी, हिंदी व इंग्रजी यांपैकी कोणत्याही भाषेत उत्तर देण्याची मुभा असावी. भाषाशैलीला स्वतंत्र व मर्यादित गुण ठेवावेत.
(ई) निकालानंतर परीक्षकांनी सर्व संघांसमोर प्रकरणाची चर्चा करावी व गुणदानाची कारणे सांगावीत.
(उ) परिसरातील दूध संघ, पतसंस्था, किराणा दुकान यांवर संबंधितांच्या संमतीने प्रकरणे लिहावीत. अशा लेखनासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नसते.

समारोप :
प्रकरण स्पर्धा ही प्रकरण पद्धतीची जागा घेऊ शकत नाही. तिला पूरक मात्र ठरू शकते. वर्षभर वर्गात प्रकरणांची चर्चा न करता महोत्सवाच्या दिवशी स्पर्धा घेतल्यास आधीपासून सफाईदार बोलणारेच विद्यार्थी विजयी होतात आणि महाविद्यालयाने त्यांना काही शिकविले, असे म्हणता येत नाही. उलट, पराभूत संघाला आपला निर्णय नेमका कोठे कमी पडला हे त्याच दिवशी उमगले, तर स्पर्धेचा शैक्षणिक हेतू सफल झाला असे मानता येईल. निकाल जाहीर होताच सभागृह रिकामे होऊ न देणे, ही आयोजक प्राध्यापकांची जबाबदारी होय.